मॅडम, याला मार्क किती?

आज माझ्या प्रश्नावलीच्या पायलट टेस्टिंगसाठी, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीसाठी, एका जिल्हा परिषद शाळेत गेले होते. आठवीचा वर्ग. माझ्या पीएचडीचा विषय, परीक्षेची भीती. मानसशास्त्रज्ञ लिकर्टने १९३२ साली मांडलेली तीच उत्तरांची पट्टी, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत'. "यात चूक-बरोबर काही नाही, नावही लिहायचं नाही," हे घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. तरी पहिला प्रश्न आलाच, "मॅडम, याला मार्क किती?"

वर्गशिक्षक दारात उभे होते तोवर पोरं 'पूर्ण सहमत'वर गोल करत सुटली. 'मला परीक्षेची धास्ती वाटते' यालाही सहमत, 'परीक्षेत मी निवांत असतो' यालाही सहमत! उलटी विधानं घालतात ती याचसाठी. सरांना गोड बोलून चहाला पाठवलं, तेव्हा कुठे पेनं जरा थबकत चालायला लागली.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "पोटात गोळा येतो, पण फक्त गणिताला. मराठीला नाही. मग काय लिहू?" सिनॉप्सिसच्या (संशोधन आराखड्याच्या) वेळी समितीनेसुद्धा इतकं नेमकं विचारलं नव्हतं. रिचर्डसन आणि सुइन यांनी १९७२ मध्ये गणिताच्या भीतीची वेगळी मापनश्रेणी काढली, ती काय उगाच? क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नावलीच्या विश्वासार्हतेचा आकडा, ०.७०च्या वर गेला की आपण खूश. पण विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. आपण नक्की काय मोजतोय, ते नाही.

आता त्या धास्तीच्या विधानाचे विषयवार तुकडे करणार. म्हणजे पुन्हा तज्ज्ञांच्या दारात, पुन्हा पायलट. घरचे विचारतायत, "संपणार कधी हे?" विचारू देत.