ब्रायटनचा वेस्ट पिअर

ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. लाट मागे फिरली की हजारो गोटे एकदम घरंगळतात. पोत्यातून सुपाऱ्या ओताव्यात तसा तो आवाज.

"मावशी, साडेतीनच्या आत किनाऱ्यावर पोचायचंच हं," भाचीने लंडनहून निघतानाच बजावलं होतं. डिसेंबरात इथे चारच्या सुमाराला सूर्य बुडतो. धापा टाकत पोचलो तेव्हा तो समोर पाण्यात उभा होता: जमिनीशी संबंध तुटलेला, गंजून काळा पडलेला वेस्ट पिअरचा सांगाडा.

आपल्याकडे धक्का म्हणजे कामाची जागा. मासळी उतरते, लाँच सुटते. इथे १८६६ मध्ये युजिनियस बर्च या इंजिनियरने समुद्रात एवढा लांब धक्का उभारला तो निव्वळ फिरायला. लोक तिकीट काढून पाण्यावर चालायचे, वारा खायचे आणि घरी जायचे. पुढे टोकाला पॅव्हिलियन, म्हणजे करमणुकीचं सभागृह आलं, १९१६ मध्ये मधोमध कॉन्सर्ट हॉल झाला. पाण्यावर बसून वाद्यवृंद ऐकायचा! कुठेही न पोचवणाऱ्या वाटेवर एवढा खर्च करणारी माणसं मला फार आवडली.

पिअरचे काही जुने खांब किनाऱ्यावर उभे करून ठेवले आहेत. त्यातल्या एकावरून हात फिरवला. घरचा बिडाचा तवा असतो ना, तसाच खरबरीत, थंडगार स्पर्श. गंजाचे पापुद्रे बोटांना लागले. खांबांच्या खालच्या टोकाला आटे पाडून ते स्क्रूसारखे समुद्राच्या तळात पिळून बसवले होते. त्यातले कितीतरी आजही पाण्यात पाय रोवून आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर गर्दी आटली, डागडुजीचा खर्च मालकांना झेपेना आणि १९७५ मध्ये पिअर बंद झाला. वाचवू पाहणाऱ्यांनी ट्रस्ट काढून १९८३ मध्ये तो अवघ्या १०० पौंडांना विकत घेतला. दुरुस्तीसाठी लॉटरी निधीतून मोठी रक्कमही मंजूर झाली होती. पण २००२ च्या डिसेंबरात वादळाने एक भाग कोसळला, पुढच्या मार्चमध्ये आग लागली, मे महिन्यात पुन्हा लागली. इतकी वर्षं जपलेलं माणूस घरी न्यायच्या आदल्या दिवशी जावं, तसं वाटलं मला हे ऐकून.

शेजारीच १६२ मीटर उंचीचा आय३६० मनोरा आहे. पूर्वेला १८९९ चा पॅलेस पिअर दिवे, पाळणे, डोनट यांनी गजबजलेला. तिथून पुढे १८८३ पासून धावणारी फोल्क्सची विजेची छोटी रेल्वे, ती थंडीत बंद होती. पॅलेस पिअरवर पोरं खूश होती. माझं मन मात्र मागेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉयल पॅव्हिलियन पाहिला. हिंदुस्थानी घुमटांचा हा राजवाडा पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होता. वेगवेगळ्या धर्मांच्या नि जातींच्या जवानांसाठी तिथे नऊ स्वयंपाकघरं होती. त्याच युद्धात फ्रान्सच्या आघाडीवर आपल्या खडकीचे सॅपर्सही, म्हणजे लष्करी अभियंतेही, लढले होते, ते आठवलं. इथे दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना गावाबाहेर, पॅचमजवळच्या टेकडीवर अग्नी दिला. तिथे आता पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, १९२१ मध्ये अनावरण झालेली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस यांचा. चिखलातून, मेंढरांच्या कुरणातून चालत गेलो. वर फक्त वारा होता. मी चप्पल, म्हणजे बूट, काढून नमस्कार केला. भाचीनेही केला, न सांगता.

त्या जवानांची रक्षा समुद्रात सोडली होती, याच समुद्रात. तेव्हा पिअर भर जोमात होता. बरं वाटायला लागलेल्या एखाद्याने तो लांबून पाहिला असेल का? घरी लिहिलं असेल का, की इथे लोक पाण्यावर नुसते फिरतात?

संध्याकाळी पुन्हा किनाऱ्यावर आलो. आधी एक ठिपका, मग पन्नास, मग आकाशात धूर उठावा तशा स्टार्लिंग. उजनीच्या आसपास संध्याकाळी भोरड्यांचे थवे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे समजेल, या त्यांच्याच जवळच्या नात्यातल्या. थवा पदरासारखा उलगडला, दुमडला, गडद झाला, पार विरळ झाला. माथ्यावरून गेला तेव्हा पंखांची सळसळ ऐकू आली. मग काय ठरलं कोण जाणे, सगळा थवा एकदम त्या सांगाड्यावर ओतला गेला.

रिकाम्या लोखंडातून मोठा कलकलाट सुरू झाला. अंधार पडला तरी आम्ही गोट्यांवर बसून होतो.