पाण्याआडची शीळ

उद्यानाच्या माहितीफलकांसाठी गाणाऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचे काम मी घेतले, तेव्हा शीळकरी कस्तूर धबधब्यासहच टिपायचा, असा आग्रह माझाच होता. ओढ्याकाठच्या कातळावर वावरणारा आणि पाण्यालगतच्या कपारीत घरटे बांधणारा हा पक्षी पाण्याशिवाय दाखवणे मला अपुरे वाटत होते.

जूनमधल्या त्या दिवशी उजाडण्यापूर्वीच त्याची शीळ ऐकू आली. वाटेने एकटाच चाललेला माणूस स्वतःशी शीळ घालतो, सूर धरतो, मध्येच सोडून देतो, तशी ती वाटते. धबधब्याच्या घनगंभीर आवाजातूनही ती स्वच्छ कानावर येत होती. पुरेसे उजाडल्यावर ओल्या खडकावर पक्षी दिसला, तोही निव्वळ काळा. कपाळावरची आणि खांद्यावरची निळाई पिसांच्या सूक्ष्म रचनेतून उमटते, त्यामुळे योग्य कोनातून प्रकाश पडेपर्यंत ती दिसतच नाही. खरी अडचण त्यापुढची होती. पांढऱ्या पाण्यावरून कॅमेऱ्याने प्रकाश मोजला, की पक्ष्याचा काळा ठिपका होतो आणि पक्ष्यासाठी एक्सपोजर वाढवले, की पाण्याचा सारा पोत उडून जातो. पाण्याच्या धारा रेशमासारख्या दिसाव्यात म्हणून मी शटर १/१५ सेकंदावर ठेवले होते. मात्र गाताना त्याचे अंग हलते, म्हणून दोन लकेरींमधल्या क्षणभराच्या स्तब्धतेतच चित्र घेणे शक्य होते. लेन्सवरचे तुषार पुसत मी तासभर त्या स्तब्धतेची वाट पाहिली.

मग तो गायचा थांबला. थोड्या वेळाने तो परत आला, तेव्हा चोचीत गांडुळे लोंबत होती. तो खडकावर निश्चल उभा राहिला, अगदी मला हवा होता तसा, आणि मी एकामागून एक चित्रे घेत गेलो. तो शेपटी पसरून मिटत होता, मधूनमधून तीक्ष्ण, चिरका आवाज काढत होता आणि चोचीतले भक्ष्य गिळत नव्हता. याचा अर्थ माझ्या लक्षात यायला दहा मिनिटे लागली, याचे मला आजही वाईट वाटते. भक्ष्य पिल्लांसाठी होते आणि माझा ट्रायपॉड नेमका त्याच्या कपारीच्या वाटेवर होता.

ट्रायपॉड उचलून मी मागे, झाडांच्या सावलीत, बराच दूर गेलो. तिथून पक्षी चौकटीत नखाएवढा दिसत होता. काही क्षणांनी तो उडाला, उन्हाच्या तिरिपेत खांद्याची निळाई एकदाच झळकली आणि तो धबधब्याच्या कडेने पाण्याच्या पडद्याआड शिरला. बाहेर आला, तेव्हा चोच रिकामी होती.