आमची वाटचाल : छद्मरंगाच्या कापडाची

इचलकरंजीत छपाईचे कारखाने पुष्कळ आहेत. सुती कापडावर व्हॅट रंगांत (पाण्यात न विरघळणारे, रसायनाने विरघळवून धाग्यात बसवायचे पक्के रंग) छद्मरंगाची, म्हणजे परिसरात मिसळून जाणारी कॅमफ्लाज नक्षी छापणारे मात्र फार थोडे. व्हॅट छपाई कटकटीची असते. रोटरी स्क्रीनवरून (नक्षी कोरलेल्या फिरत्या जाळीच्या नळीवरून) रंग चढवून, कापड सुकवून, ते कॉस्टिक सोडा व हायड्रोसच्या (रंग विरघळवणारी पावडर) द्रावणातून काढून लगेच वाफेवर न्यावे लागते. पावसाळ्यात हायड्रोसचा ड्रम उघडा राहिला की रंग नीट बसत नाही, हे नव्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे आम्हाला विचारले जाते. हिरवे पान डोळ्यांना गडद दिसले तरी निकट अवरक्त प्रकाश (तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) ते मोठ्या प्रमाणात परावर्तित करते आणि रात्रीची दुर्बीण नेमका तोच प्रकाश पाहते. व्हॅट रंग निवडून वापरले तर प्रत्येक छटेचे परावर्तन पाने, माती आणि सावली यांच्या जवळ आणता येते. बहुतेक रिॲक्टिव्ह रंगांना (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे, सुती कापडावरचे नेहमीचे रंग) ते जमत नाही.

जंगलातील गस्तीच्या गणवेशांची एक मोठी निविदा याच कारणाने आमच्या हातून गेली. तपशिलात रंगाचा पक्केपणा होता, वजन होते, ताणबळ होते. अवरक्त परावर्तनाची ओळच नव्हती. शेजारच्या वसाहतीतील एका छपाईवाल्याने रिॲक्टिव्ह रंगांचा दर भरला आणि एल-वन (सर्वांत कमी दर भरणारा) म्हणून काम उचलले. काम आम्हालाच मिळेल या भरवशावर आम्ही आधीच नव्या स्क्रीन कोरून घेतल्या होत्या व सूतवाल्याचे पैसे थकले होते. कारखाना विकायची बोलणीही झाली. आतील अवरक्त-रोधक काच काढून भिंगावर काळी फिल्टर लावलेल्या जुन्या कॅमेऱ्यातून आम्ही दोन्ही कापडे पाहिली, तेव्हा त्यांच्या कापडाचे चारही रंग एकाच फिकट पट्ट्यात विरघळले होते. हे छायाचित्र आम्ही निविदा काढणाऱ्या कार्यालयात नेले. ते कोणी पाहिले नाही.

त्या काळात आम्हाला तारले ते बेळगावच्या एका जुन्या गणवेश-व्यापाऱ्यांनी. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा कापडाचा वार झुडपाला टाचून उलटे चालत जात आणि नक्षी कुठे सपाट होते ते पाहत. बारीक ठिपके दुरून एकाच रंगाचे होतात, म्हणून बाह्यरेषा तोडणारे मोठे डाग हवेतच, हा त्यांचा आग्रह. अमेरिकी लष्कराने 2004 मध्ये सर्व भूप्रदेशांसाठी एकच राखाडी चौकटींची नक्षी स्वीकारली. ती अफगाणिस्तानात उठून दिसू लागली आणि 2015 पासून तिच्या जागी दुसरी आणावी लागली. मामांना याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही.

15 जानेवारी 2022 रोजी भारतीय लष्कराचा नवा गणवेश आला. ती नक्षी खुल्या बाजारात विकण्यास मनाई आहे. आम्ही तिला हात लावत नाही, इतरांनीही लावू नये. आमच्या छद्मरंगाच्या कापडाचे कपडे चकाकी आणणाऱ्या पावडरीत धुऊ नयेत, हेही ग्राहकांना सांगून ठेवतो.

यंदा त्याच कार्यालयाची निविदा पुन्हा निघाली आहे. परावर्तनाची ओळ तिच्यात अजूनही नाही, आणि आम्ही दर भरलेला नाही.