बाहुल्या आकसलेल्या, लक्ष छातीकडे

पेशंट कॅज्युअल्टीत आला तेव्हा बेशुद्ध होता. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या जेमतेम 1 मिलिमीटर. सोबतच्यांना एवढंच ठाऊक, ‘काम करता करता पडला.’

अशा बाहुल्या दिसल्या की तीन नावं आधी डोक्यात येतात: अफूच्या गटातली औषधं, मेंदूच्या पॉन्समधला रक्तस्राव, ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाचं विष. काचबिंदूच्या पायलोकार्पिन थेंबांनीही बाहुल्या आकसतात, पण तेवढ्याने माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. टॉर्च मारून निवाडा होत नाही. इतक्या लहान बाहुलीची हालचाल भिंगाशिवाय दिसणं कठीण.

अफूने श्वास मंदावतो. इथे तो मिनिटाला 28 होता, वर घशात घरघर. पॉन्सच्या रक्तस्रावात अंग ताठरतं, ताप चढतो, डोळे बाजूला वळत नाहीत. त्यातलं काही नव्हतं. तोंडाला फेस, घामाने थबथबलेला शर्ट, नाडी 52, ऑक्सिजन 78, दोन्ही फुप्फुसांत क्रेप्स, म्हणजे स्राव साचल्याचा बुडबुड आवाज. आणि पोटरीच्या कातडीखाली स्नायू किडे वळवळावेत तसे हलत होते. मग ऑरगॅनोफॉस्फेटबद्दल शंकेला जागा उरली नाही.

हातमोजे घालून कपडे कापून काढले, अंग साबणाने धुतलं, सक्शन लावलं. श्वासाची नळी घालताना स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन टाळलं. ते मोडणारं एन्झाइमच विषाने बंद पाडलेलं असतं, परिणाम तासन्‌तास लांबतो. त्याऐवजी रोक्युरोनियम वापरलं.

अ‍ॅट्रोपिनची (या विषावरचा उतारा) आमच्याकडची अँप्यूल 0.6 मिलिग्रॅमची. शिरेतून आधी 3 अँप्यूल, पाच मिनिटांनी 6, मग 12. अँप्यूल फोडण्यातच पाच मिनिटं उडतात, म्हणून एका सिस्टरकडे तेवढंच काम. तिसऱ्या डोसनंतर छाती कोरडी झाली, नाडी 96, वरचं प्रेशर 110.

बाहुल्या मात्र होत्या तेवढ्याच. घोटाळा इथेच होतो. बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघत अ‍ॅट्रोपिन देत राहिलं, तर ताप, बरळणं, पोट फुगणं मागे लागतं. डोळ्यांवर परिणाम उशिरा दिसू शकतो. डोस थांबवायचा तो छाती, नाडी आणि प्रेशर बघून. एकूण 12.6 मिलिग्रॅम गेलं होतं. त्याच्या दहा टक्के, म्हणजे ताशी साधारण सव्वा मिलिग्रॅम, पंपावर लावलं. कोलिनेस्टरेजचं (विषाने बंद पडणाऱ्या एन्झाइमचं) सँपल पाठवलं, पण रिपोर्टसाठी उपचार अडवले नाहीत.

नळी काढायची घाईही केली नाही. विषबाधेनंतर 24 ते 96 तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. म्हणून शुद्ध आल्यावर ड्यूटीवरच्या प्रत्येकाने दर काही तासांनी त्याला एकच सांगायचं: डोकं उशीवरून उचला.