आईची फाईल

म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात ओळखीच्या एका काकूंनी आईला विचारलं, "झोपेच्या गोळ्या अजून चालू आहेत गो?" घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

चूक माझी होती. तिच्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनबद्दल मुंबईच्या डॉक्टरांचं मत हवं होतं, म्हणून सगळे कागद स्कॅन करून ड्राइव्हवर टाकले आणि लिंक ज्याच्याकडे असेल त्याला दिसतील असे ठेवले. लिंक मावसभावाला पाठवली, तिथून ती नातेवाइकांत फिरली. त्या ढिगात मानसोपचाराच्या चिठ्ठ्याही होत्या. लिंक त्याच रात्री बंद केली, पण कोणी उतरवून घेतलेलं कसं परत आणणार?

मग 'आभा' या सरकारी आरोग्य-ओळख क्रमांकाचा मार्ग धरला. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हा १४ अंकी क्रमांक काढणं सोपं गेलं. हॉस्पिटलातल्या नोंदी त्याला जोडताना मात्र दोन खेपा झाल्या, कारण तिथे आईचं जन्मवर्ष चुकीचं होतं. यात मला पटलं ते असं, की कागद हॉस्पिटलाच्याच यंत्रणेत राहतात. रुग्णानं होकार दिला तरच ते कुलूपबंद होऊन दुसरीकडे जातात.

मुंबईहून संमतीची विनंती आली. सगळ्या प्रकारचे कागद, सगळी वर्षं. मी मंजूर करणार, एवढ्यात आईनं चष्मा लावला आणि फोन मागून घेतला. एकेक ओळ मला वाचून दाखवायला लावली. तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्जचा कागद ठेवला. ओपीडीच्या नोंदी आणि औषधांच्या चिठ्ठ्या काढल्या. वर्षं दोनच. मुदत एक महिना, त्यानंतर घेणाऱ्यानं माहिती पुसायची. मधेच नको वाटलं तर संमती मागेही घेता येते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं, असं म्हटलंय.

मला एकच काळजी होती. "आई, चालू गोळ्या भूल देणाऱ्यांना कळायलाच हव्यात. लपवून चालणार नाही."

"लपवतंय कोण? त्यांना मी सांगेन. माझ्या तोंडानं."

व्हिडिओ कॉल लागला तेव्हा तिनं मला बाहेर जायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं.