वीस इंची विन्चेस्टर

बंदुकीच्या दुकानात कामाला आहे म्हटलं की लोकांना वाटतं दिवसभर ठो ठो चालू असेल. खरं काम रजिस्टर, तेल-चिंधी आणि वारसांची समजूत काढायचं. लायसन्सवाला गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, ठाण्यात नाहीतर डीलरकडे जमा करावी लागते, आणि सातारा म्हणजे फौजींचा जिल्हा, रिटायर झाला की बारा बोअर घ्यायची आणि बँकेत गनमन लागायचं हे ठरलेलं, त्यामुळं आमचं कपाट कायम भरलेलं.

परवा एक ताई नवऱ्याला घेऊन आल्या. वडिलांची पंप अ‍ॅक्शन आमच्याकडं जमा होती, हातानं पुढंमागं ओढून काडतूस भरायची विन्चेस्टर मॉडेल १२, तिची किंमत करायची होती. जावईबापूंनी मोबाइलवर अमेरिकेतला भाव बघून डॉलरचे रुपये करून आणलेले. आता त्यांना कोण सांगणार, तिकडं ती दुकानात मिळते, इकडं ऐंशीच्या दशकात इम्पोर्ट बंद झाल्यापासून जी आहे तीच आहे, हिशोबच वेगळा. त्यात दुसऱ्या एका डीलरनं त्यांना आधीच घाबरवलेलं, की नळी कापलेली आहे, वीस इंचाच्या आत भरते, म्हणजे प्रोहिबिटेड, बंदी असलेली, भंगार समजा.

वीसच्या आत असती तर खरंच वांधे होते, कारण विनापरवाना नळी कापणं हाच मुळात गुन्हा. पण त्या भल्या माणसानं टेप लावली होती बाहेरून! नळीचा मागचा भाग बॉडीच्या आत जातो, तो कोण मोजणार? मी आधी चेंबर, मॅगझिन रिकामं बघितलं, अ‍ॅक्शन बंद केली, नळीच्या तोंडातून लाकडी काठी बोल्टला, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या भागाला, टेकेपर्यंत सोडली, खूण केली. वीस इंच, बरोब्बर.

तरी कापलेली असू शकते की, तीसची वीस. म्हणून नळीवरचा शिक्का बघितला. ‘फुल’, म्हणजे पूर्ण चोक, असा शिक्का असता आणि तोंडाशी चोक, म्हणजे नळीचं आवळलेलं तोंड, नसता तर करवत लागलीय हे नक्की. इथं ‘सिल’ होतं, म्हणजे सिलिंडर, चोकच नाही, कंपनीतूनच आखूड निघालेली रायट गन, दंगलीसाठीची. अक्षरं धारदार, म्हणजे बफ मारून परत ब्ल्यूइंग, तो निळसर-काळा थर, केलेलं नाही. ही बंदूक मधे सुटी होते, म्हणून नंबर दोन जागी असतो, बॉडीच्या खाली आणि नळीकडच्या भागावर, ते दोन्ही जुळले. जावळीकडच्या पावसात राहून मॅगझिनच्या नळीत गंज धरलेला, दस्त्याला तडा, पण नळी आतून आरसा. म्हातारबाबांनी जीव लावलेला होता.

मी दीड लाख म्हणालो. मालक आतून बघत होते, नंतर म्हणाले, अरे थोडं कमी सांगायचं असतं. मालकांचं बरोबर आहे त्यांच्या जागी, पण काठी लावून खरं मोजायचं आणि तोंडानं खोटं सांगायचं हे मला जमत नाही.

तरी दीड लाख सांगणं वेगळं आणि मिळणं वेगळं. आखूड बंदूक पाहिजे कॅशव्हॅनवाल्या गनमनला, त्याच्या पगारात ती बसत नाही, तो आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची घेतो. ज्याच्याकडं पैसा आहे त्या शौकिनाला लांब नळी आणि चोक पाहिजे. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका लायसन्सवर तीनच्या दोन बंदुका केल्या, तेव्हापासून गिऱ्हाइकाचा खिसा नंतर, आधी लायसन्सवर जागा बघावी लागते. आणि वडिलांच्या लायसन्सवर बंदुकीच्या नंबरात ३ चा ८ झालेला, कुठल्यातरी नूतनीकरणात कारकुनानं केलेला, तो दुरुस्त होईपर्यंत तर विक्रीचं नावच नको. ताई हे ऐकून बसल्याच खाली.

अर्ज मी लिहून दिला. गिऱ्हाईक पण एक आहे, फलटणचा बागायतदार, बघताक्षणी आवडली त्याला. पण त्याच्याकडं आधीच दोन आहेत, एक विकल्याशिवाय ही घेता येत नाही, आणि ती विकायची म्हणून काल आमच्याकडंच घेऊन आलाय, किंमत करा म्हणून.