पितृपक्षातला इनबॉक्स

सोमवार

पितृपक्ष लागला. ऑफिसातल्या एकीला फ्रिज घ्यायचा होता, ती म्हणाली आता घटस्थापनेनंतरच. धाकट्या दिरांनी स्कूटरचं बुकिंग पुढे ढकललं. मुलुंडला आमच्या गल्लीतला सोनार दुपारभर दुकानात पेपर वाचत बसलेला असतो. या पंधरवड्यात कुणी फिरकणार नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि दिवाळीला रांग लागणार हेही.

माझा जोडधंदा वेबसाइटची नावं, म्हणजे डोमेन, घेऊन ठेवायची आणि हवी असतील त्याला विकायची. त्याचं गिऱ्हाईक मात्र टेक्सासमध्ये असतं, नाहीतर बर्लिनमध्ये. त्याला कसला पितृपक्ष? तरी इनबॉक्स कोरडा तो कोरडाच. डोमेनच्या धंद्यातली जुनी मंडळी सांगतात की जुलै-ऑगस्ट थंडच जातात, तिकडे सगळे सुट्टीवर असतात, आणि डिसेंबरचा दुसरा पंधरवडाही तसाच. हजारो नावं बाळगणाऱ्याला हा हंगाम आकड्यांत दिसत असेलही. पण वर्षाकाठी एखाददुसरं नाव विकणाऱ्या बाईने हंगामाच्या गप्पा मारू नयेत. एवढ्याशा विक्रीतून कसला हंगाम दिसणार? तरी 'सीझन डाऊन आहे' असं म्हटलं की बरं वाटतं, दोष आपल्याकडे राहत नाही.

बुधवार

ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये आज चक्क बसायला मिळालं. सीएसएमटी येईपर्यंत मोबाइलवर हिशेब केला.

धंद्यात एक ढोबळ आकडा सगळे धरून चालतात. शंभर नावांमागे वर्षाला एक विकलं जातं, फार तर दोन. समजा कुणाकडे २०० नावं आहेत आणि टक्का एकच धरला, तर वर्षाला सरासरी दोन विक्र्या झाल्या. म्हणजे दर सहा महिन्यांनी एक, असं आपलं मन लगेच मांडून मोकळं होतं. गणित तसं मांडत नाही. सहा महिन्यांत एकही नाव न विकलं जाण्याची शक्यता जवळजवळ ३७ टक्के निघते. अख्खं वर्ष कोरडं जाण्याची साधारण १३ टक्के. नावं १०० असतील तर अख्ख्या वर्षाचीच शक्यता ३७ टक्क्यांवर जाते. माझी नावं दोनशेहून कमीच आहेत.

म्हणजे नावं चांगली, भाव वाजवी, सगळं जागच्या जागी असतानासुद्धा एवढी शांतता अगदी नेहमीची म्हणायची. भांडुप-कांजूरमार्गपर्यंत या विचाराने बरं वाटलं. विक्रोळीला त्याची दुसरी बाजू लक्षात आली: नावं भिकार असती तरी इनबॉक्स हुबेहूब असाच दिसला असता! शून्याकडे बघून नाव चांगलं की टाकाऊ हे ओळखताच येत नाही. तेव्हा 'धीर धर' हा सल्ला अर्धाच खरा. धीर धरायचा तो कशावर, ते दुसरीकडून शोधावं लागतं. माझ्या मते ते एकाच प्रश्नात आहे: हे नाव विकत घेऊ शकेल असा धंदा आज जगात कुठे चालू आहे का, आणि तो आत्ता यापेक्षा वाईट नावावर दिवस काढतोय का? याचं उत्तर शोधायला एखादी संध्याकाळ लागते, पण शोधता येतं. गिऱ्हाईक कधी येईल याचं उत्तर कुणालाच शोधता येत नाही.

गुरुवार, रात्री

सासूबाईंनी जेवताना विचारलं, "अगं, यंदा तुझं काही विकलं गेलं का?"

"नाही अजून."

"मग दर महिन्याला कार्डावरून पैसे कसले जातात?"

रिन्यूअलचे, म्हटलं. नाव आपलं असलं तरी दरवर्षी पैसे भरावे लागतात, नाहीतर ते हातचं जातं.

"म्हणजे भाडंच की गं!"

खरं आहे. डॉट कॉमची नोंदवही सांभाळते व्हेरिसाइन ही एकच कंपनी, आणि जगातल्या प्रत्येक डॉट कॉममागे तिचा घाऊक भाव ठरलेला. २०२१ च्या ऑगस्टपर्यंत तो ७.८५ डॉलर होता. मग चार वर्षं ओळीने, दर सप्टेंबरला सुमारे सात टक्क्यांनी वाढत तो २०२४ च्या सप्टेंबरपासून १०.२६ डॉलर झाला. वर रजिस्ट्रारचा, म्हणजे आपल्याला नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचा, नफा, जीएसटी आणि घसरलेला रुपया. एका नावाला हजार रुपये धरले तरी २०० नावांचे वर्षाला दोन लाख. म्हणजे त्या सरासरी दोन विक्र्यांतून प्रत्येकी लाखभर हातात पडले, तेही दलाली वगळून, तेव्हा कुठे माणूस बरोबरीत येतो.

हे सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी अख्खं आयुष्य भिशी चालवली आहे, पुढचं गणित त्यांनीच मला ऐकवलं असतं.

शनिवार

मध्यरात्र उलटून गेली आहे आणि मी अजून ड्रॉप होणाऱ्या नावांची यादी चाळत बसले आहे.

कुणी डॉट कॉमचं रिन्यूअल भरायचं सोडलं तर नाव लगेच सुटत, म्हणजे ड्रॉप होत, नाही. मुदत संपल्यावर आधी सवलतीचे दिवस, ते जास्तीत जास्त ४५. मग ३० दिवस जुन्या मालकाला दंड भरून परत घेण्याची संधी. मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर नाव मोकळं. अमेरिकेत दुपार असते तेव्हा ती सुटतात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास. बॅकऑर्डर, म्हणजे सुटणाऱ्या नावाची आगाऊ मागणी, घेऊन ठेवणाऱ्या कंपन्या ती क्षणात उचलतात, त्यांच्या चाळणीतून जे खाली पडतं ते आपल्यासारख्यांना. त्याआधी मुदत संपलेल्या नावांचे लिलाव असतातच, आणि खरी चांगली नावं तिथेच संपतात.

मंदीत उत्साह टिकवायचा कसा, असं सगळे विचारतात. मला तो प्रश्नच उलटा वाटतो. विक्री नसते तेव्हा माझ्याकडे उत्साह इतका साठतो की कुठून बाहेर पडू असं त्याला होतं. मग तो ही यादी उघडतो. नवं नाव घेतलं की दिवसभर काही न घडल्याची भरपाई झाल्यासारखी वाटते. नोंदणीची पावती ईमेलमध्ये येते, ती एका बाजूने विक्रीच्या ईमेलसारखीच दिसते. फक्त पैसे उलट्या दिशेने गेलेले असतात. आणि प्रत्येक नव्या नावाबरोबर पुढच्या वर्षीचं रिन्यूअल घरात येतं.

त्यात मोठ्या सौद्यांच्या बातम्या तेल ओततात. २०१९ साली व्हॉइस डॉट कॉम तीन कोटी डॉलरला गेलं. चॅट डॉट कॉम २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरच्या वर गेलं. झालेल्या विक्र्यांचे भाव नेमबायो या साइटवर शोधता येतात, मीही शोधते आणि त्यातून शिकतेही. पण तिथे विकली गेलेलीच नावं असतात. न विकली गेलेली कुठल्या यादीत असतात? ती ज्याच्या त्याच्या कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये.

एक नियम सध्या पाळते आहे. यादी बघायची, आवडलेलं नाव वहीत लिहायचं, घ्यायचं नाही. बहुतेक नावं सकाळी चहा घेताना वाचली की वाटतं, काल रात्री यात काय पाहिलं मी?

रविवार, सर्वपित्री

सकाळी पानं वाढून झाल्यावर निवांत वेळ होता, तो रिन्यूअलच्या यादीला दिला. पुढच्या तीन महिन्यांत ज्यांची मुदत संपते तेवढीच नावं, एका शीटमध्ये. प्रत्येकासमोर एकच सवाल: आज हे मोकळं असतं तर मी घेतलं असतं का? 'इतकी वर्षं भरले आहेत' हे कारण चालणार नाही असं शीटच्या वर ठळक लिहून ठेवलं आहे. भरलेले पैसे गेले, ते ठेवूनही परत येत नाहीत आणि सोडूनही नाहीत.

एखाद्या बड्या ब्रँडच्या जवळपास जाणारं नाव असेल तर त्यावर विचारसुद्धा करत नाही. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली रेडिफचा खटला झाला. कुणीतरी 'ई'च्या जागी 'ए' घालून रॅडिफ डॉट कॉम घेतलं होतं. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं न्यायालयाने तेव्हाच सांगितलं. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात तेच मान्य केलं. शिवाय असे तंटे सोडवायची वेगळी नियमावली आहेच, डॉट कॉमला यूडीआरपी, डॉट इनला आयएनडीआरपी. तिथे हरलं की नाव दुसऱ्याच्या नावावर होतं आणि आपल्याला छदाम मिळत नाही. मंदीत असली नावं फार खुणावतात, कारण त्यांना ट्रॅफिक, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ, असतो. त्या ट्रॅफिकवर आपला काही हक्क नाही.

देवनागरीतल्या डॉट भारतच्या नावांपाशी मात्र हात अडखळतो. ते २०१४ मध्ये सुरू झालं. मराठीत नाव, मराठीत शेपूट, एकही रोमन अक्षर नाही. दिसतं किती छान! पण लालबागच्या मसाल्यांपासून दादरच्या साड्यांपर्यंत आपला दुकानदार आज इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर धंदा करतो. पत्त्याच्या पट्टीत देवनागरी टाइप करणारं गिऱ्हाईक त्याला भेटलेलं नाही. माझा जीव या नावांत आहे, पण बाजार त्यांत नाही. एक ठेवलं, हौस म्हणून, आणि समोरच्या रकान्यात 'हौस' असंच लिहिलं, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला गुंतवणूक म्हणायची सोय राहणार नाही. बाकीची सोडली.

शेवटी दोन याद्या झाल्या. सोडायची नावं आणि राखायची नावं. सोडायच्या यादीतलं कुणी मुदतीआधी पन्नास डॉलरला मागितलं तरी हसत द्यायचं. राखायच्या यादीला सूट नाही. मंदीत होतं नेमकं उलटं: चांगल्या नावाचा भाव पाडून मोकळं व्हायचं आणि टाकाऊ नावाला 'बघू अजून एक वर्ष' म्हणायचं. कारण स्वस्तात मागणारे येतात तेही चांगल्या नावालाच!

मंगळवार, नवरात्र

आज लिहिण्यासारखं काही नाही, पण काम बरंच झालं. राखायच्या यादीतलं प्रत्येक नाव मोबाइलवर इनकॉग्निटोमध्ये, वायफाय बंद करून, स्वतः टाइप करून उघडलं. २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा गोपनीयतेचा कायदा लागू झाल्यापासून हूइजमध्ये, म्हणजे नाव कुणाचं ते दाखवणाऱ्या जाहीर नोंदीत, मालकाचं नाव, ईमेल बहुतेक झाकलेलंच असतं. म्हणजे घेणाऱ्याला माझ्यापर्यंत यायला 'हे नाव विकाऊ आहे' असं सांगणारं ते एकच पान. ते उघडलं नाही तर माझ्या लेखी गिऱ्हाईक आलंच नाही. एका नावाचं पान फिरत राहायचं आणि शेवटी पांढरं व्हायचं. नेमसर्व्हर, म्हणजे नाव टाइप केल्यावर कुठे न्यायचं ते सांगणारी सेटिंग, नीट केले. कधीपासून तसं होतं कोण जाणे. नावं जिथे विकायला लावली आहेत त्या मार्केटप्लेसच्या बाजूने बदल झाला असावा, विचारलं तर ठरावीक साच्यातलं उत्तर आलं. भावही तपासले. दोन ठिकाणी एकाच नावाचे दोन भाव लागलेले असले की घेणारा बिचकतो.

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून मला ते आवडायला लागलं आहे. यात उमेद वगैरे लागत नाही, यादी लागते.

शुक्रवार

ऑफर आली. दोन शब्दांचं डॉट कॉम, राखायच्या यादीतलं. पानावर भाव २,४०० डॉलर आणि समोरून ऑफर १५०.

बॅलार्ड इस्टेटला जेवणाच्या सुट्टीत वाचली, आणि खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं ते दीडशे डॉलर फार मोठे दिसले. लगेच रुपयांत केले, किती रिन्यूअल निघतील तेही मोजलं. विकून टाक, निदान भवानी तरी होईल, असं वाटत राहिलं. हाच नेमका तो क्षण, ज्यासाठी भाव आधी, पोट भरलेलं असताना ठरवून ठेवायचा असतो. शीट उघडलं. हे शब्द नावात घेऊन चालणारे बरेच धंदे मी तिथे लिहून ठेवले होते, त्यातले काही हायफन घालून, काही लांबलचक नावाने, काही डॉट कॉम सोडून भलत्याच शेपटावर. ते सगळे अजून तिथेच आहेत का, एकदा पाहून घेतलं. आहेत.

उत्तर लिहिलं: ऑफरबद्दल आभार, या नावाला २,१०० पर्यंत येऊ शकते, पैसे एस्क्रोमधून, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत तिऱ्हाइताकडे. संध्याकाळी लोकलमध्ये त्याचं उत्तर आलं, ३०० आणि हे शेवटचं. 'शेवटचं' म्हणणारा माणूस तीन तासांत दुप्पट झाला होता, म्हणजे त्याला नाव हवं आहे. घाटकोपरच्या गर्दीत एका हाताने लिहिलं की १,९०० च्या खाली नाही, पण हप्त्यांनी हवं असेल तर बारा महिन्यांत देता येईल, हप्ते पूर्ण होईपर्यंत वापरायलाही मिळेल.

अजून उत्तर नाही. योगायोगाने याच नावाची मुदत या महिन्यात संपते. त्याचं रिन्यूअल आत्ता भरलं, त्याच्याबरोबर यादीतल्या आणखी काहींचं. उरलेली पगार झाल्यावर.